निकाल बिघडवणारी बाई

आमच्या कॉलेजचा निकाल मी बिघडवला, असं प्राचार्य मॅडम म्हणाल्या. तेही स्टाफरूमच्या दारात, चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी तेव्हा मान खाली घातली नाही. आजही घालणार नाही.

कॉलेज परळला आहे. लहानसं. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांच्या मुलांसाठी कुणीतरी तळमळीने सुरू केलेलं. सकाळी सातला भरतं आणि अकराला सुटतं, म्हणजे मुलांना नंतर कामावर जाता यावं. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले. टॉवरमधली मुलं काही या कॉलेजात येत नाहीत, आणि चाळीतली माणसं खोल्या विकून डोंबिवली-विरारला गेली. आर्ट्सचे वर्ग रोडावत गेले. वर्गात पुरेशी मुलं नसली की तुकडी बंद होते, तुकडी बंद झाली की शिक्षकांच्या जागा जातात. म्हणून दर जूनमध्ये तिथले शिक्षक पत्रकं घेऊन लालबाग-परळच्या चाळी पालथ्या घालतात. शिक्षकाने विद्यार्थी शोधत दारोदार फिरायचं, हे बघायला बरं वाटत नाही, पण ते फिरतात.

असेच ते एका रविवारी आमच्या दारात आले. एक तरुण मॅडम, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर ऑफिसातले एक क्लार्क. मी मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. सासूबाई मोरीत बांगडे साफ करत होत्या.

"घरात कुणी बारावी झालेलं आहे का? किंवा कुणी शिक्षण अर्धवट सोडलंय?" मॅडमनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई मोरीतून ओरडल्या, "ह्यां आसा मा! दोन वर्सां कॉलेजात गेलेलां. मगे सोडल्यान."

"कुठल्या कॉलेजात?"

"तुमच्याच," मी म्हटलं.

खरंच त्यांच्याच. दुसरं वर्ष संपता संपता माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी मोठी. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती म्हणून दादरला साडीच्या दुकानात लागले आणि ती सुट्टी काही संपलीच नाही. मग लग्न, मग मुलगी. दुकान तेच राहिलं. मुलगी आठवीत गेली तरी मी त्याच काउंटरवर साड्यांच्या घड्या मोडत होते आणि घालत होते.

मॅडम चपला काढून आत आल्या आणि जमिनीवरच बसल्या. "मग या ना परत. एकच वर्ष राहिलंय. सकाळचं कॉलेज आहे, तुमचं दुकान कितीला उघडतं?"

"साडेअकराला. पण मॅडम, आता या वयात..."

"जा गो," सासूबाई म्हणाल्या. हात धुवून त्या बाहेर आल्या होत्या. "सकाळचा जेवान मी बघतंय. घरात एक तरी पदवीवाला होऊ दे. माझो झील तर बारावीक आपाटलो."

त्यांचा झील, म्हणजे माझा नवरा, खाटेवर पेपर वाचत होता. तो पेपराआडून म्हणाला, "आई, बाहेरच्यांसमोर तरी..." आणि आम्ही सगळेच हसलो. क्लार्कसुद्धा.

प्रवेश घ्यायला गेले त्या दिवशी प्राचार्य मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. "तुमच्यासारख्या विद्यार्थिनी आम्हाला हव्यात," म्हणाल्या. अभ्यासक्रम मध्ये बदलला होता, त्यामुळे मला दोन जादा पेपर द्यावे लागणार होते. तेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझ्याबरोबर एक फोटो काढला. तो कॉलेजच्या फेसबुक पानावर आला. खाली ओळ होती : शिक्षणाला वय नसतं. दुकानातल्या पोरींनी तो सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला.

वर्गात आम्ही तिघं परत आलेले होतो. मी, एक आंटी, आणि माहीमच्या कोळीवाड्यातला एक तरुण. आंटी गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, नवरा जहाजावर, मुलं परदेशी. त्यांना घरात बसून कंटाळा आला होता आणि ते त्या कुणालाही सांगायच्या. माहीमचा पोरगा पंचविशीच्या आतबाहेरचा. मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा. भावाच्या आजारपणात त्याचं कॉलेज सुटलं होतं. तो डोक्याने आमच्या दोघींपेक्षा तल्लख होता. मॅडमनी फळ्यावर आलेख काढला की आम्ही उतरवून घेईपर्यंत हा मागून विचारायचा, "मॅडम, पण किंमत वाढूनही मागणी वाढली तर?" फक्त त्याला झोप अनावर व्हायची. कितीदा तरी मी त्याला कोपराने ढोसून जागं केलंय.

वर्गातली बाकीची मुलं मला आधी काकू म्हणायची. गणपती येईपर्यंत मी ताई झाले होते.

दिवाळीच्या आधी पहिली परीक्षा झाली. निकाल नव्या वर्षात लागला. मी दोन विषयांत नापास झाले. आंटी एकात. माहीमचा पोरगा तिनात, कारण त्यातल्या एका पेपरला तो पोचलाच नव्हता. वाटेत गाडी घसरून हाताला लागलं होतं. वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. इतक्या वर्षांनी पेन धरलं होतं. एप्रिलमध्ये राहिलेले विषय पुन्हा देता येतात, हे आम्हाला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत प्राचार्य मॅडमनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. या वेळी चहा नव्हता. अर्थशास्त्राच्या मॅडमही एका बाजूला उभ्या होत्या, त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

प्राचार्य मॅडमचा आवाज मऊ होता. "हे बघा, तुमच्या हिताचं सांगते. या वर्षी आपल्याकडे तपासणी समिती येतेय. त्या समितीच्या दर्जावर कॉलेजचं भवितव्य अवलंबून आहे. दर्जा ठरवताना ते तिसऱ्या वर्षाचा एप्रिलचा निकालही धरणार आहेत, तो चांगला लागला पाहिजे. तुमची तयारी झालेली नाही. तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरू नका. वैयक्तिक कारणास्तव शिक्षण थांबवते आहे, असा अर्ज द्या. पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठातून आरामात करा. तिथे तुमच्यासारख्यांचीच सोय असते."

टेबलावर तीन अर्ज टाईप करून ठेवले होते. खाली सहीपुरती जागा.

"आम्ही परीक्षेला नाही बसलो तर काय होईल?" आंटींनी विचारलं.

"परीक्षेला जे बसतात त्यांच्यातूनच टक्केवारी काढतात," मॅडम म्हणाल्या.

आता मला नीट कळलं. जूनमध्ये पटावर डोकी कमी पडत होती म्हणून आम्ही हवे होतो. आता पास होणाऱ्यांची टक्केवारी हवी होती म्हणून आम्ही नको होतो. माझी कानशिलं तापली.

"मॅडम, जूनमध्ये तुमची माणसं माझ्या दारात आली होती," मी म्हटलं. "मी नव्हते आले. माझी सासू रोज पहाटे उठून माझ्या वाटचा स्वयंपाक करते. तिला जाऊन काय सांगू? मी मोजायला आणलेली होते, मोजून झालं, म्हणून परत पाठवली?"

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. तुकडी बंद पडली तर या मॅडमची नोकरी जाईल," त्यांनी अर्थशास्त्राच्या मॅडमकडे बोट दाखवलं. "त्या कंत्राटावर आहेत. त्यांचा तरी विचार करा."

अर्थशास्त्राच्या मॅडम जमिनीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील. नाही बोलल्या.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "नापास झाले तर माझी मी होईन. परीक्षेच्या आधी तुम्ही मला नापास करू नका."

"मी पण नाय करनार," आंटी म्हणाल्या आणि पर्स खांद्याला लावून उठल्याच.

माहीमच्या पोराने मात्र पेन उचललं. मी त्याचा हात धरला. "अरे, काय करतोस?"

"सोड ना ताई," तो म्हणाला. "त्या कॉलेज चालवतात. त्यांना कळत असेल ना कोण पास होणार आणि कोण नाही." आणि त्याने सही केली. खाली उतरल्यावर त्याने हेल्मेट घातलं, ॲप चालू केलं आणि निघून गेला. तो परत वर्गात आला नाही.

त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या मॅडम दुकानात आल्या. मी एका नवरीच्या आईला पैठण्या दाखवत होते. त्या बाजूला उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर पुढे आल्या. डोळे भरलेले.

"तिथे मला बोलता आलं नाही," त्या म्हणाल्या. "माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. घरी मी एकटीच कमावते. तुम्ही मला..."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं खरं आहे हेही दिसत होतं. दोन्ही एकदम. मी समोरची पैठणी घडी करत म्हटलं, "मॅडम, तिथे बोलला नाहीत, ते जाऊ द्या. आता इथेही बोलू नका. शिकवा. संख्याशास्त्र मला अजिबात येत नाही."

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "रविवारी?"

"रविवारी."

खोताच्या वाडीत आंटींच्या घराला पुढे लाकडी व्हरांडा आहे. तिथे आम्ही रविवारी दुपारी बसायला लागलो. बघता बघता वर्गातली आणखी काही मुलं यायला लागली, ज्यांचे विषय राहिले होते ती. आंटी सगळ्यांना केक द्यायच्या आणि स्वतः सगळ्यात जास्त चुकायच्या. वाडीतली जुनी लाकडी घरं बघायला येणारे हौशी लोक कॅमेरे घेऊन फिरत असतात. त्यातल्या एकाने आमचाही फोटो काढायला सुरुवात केली तर आंटींनी त्याला असं झापलं की तो थेट मुख्य रस्त्यावर जाऊन थांबला. मी संख्याशास्त्राशी झगडत होते. मध्यमान समजायचं. त्याच्या पुढे काहीतरी विचलन नावाचं प्रकरण होतं, ते हातात आलंय म्हणेपर्यंत निसटायचं. मॅडमनी मला साड्यांच्या विक्रीची उदाहरणं घालून दिली. त्याने थोडं कळलं.

एकदा मी माहीमलाही जाऊन आले. पोराला म्हटलं, आमच्यात येऊन बस तरी, परीक्षेचं नंतर बघू. तो गाडी पुसत होता. "ताई, मला आता त्या विषयावर बोलायचं नाही," म्हणाला. त्याच्या आईने मला सुकट बांधून दिलं. मी परत आले.

मार्चमध्ये तपासणी समिती आली. आदल्या दिवशी क्लार्कचा फोन. "ताई, उद्या-परवा तुम्ही नाही आलात तरी चालेल. हजेरी लावून टाकतो."

"मला हजेरी फुकट नको," मी म्हटलं. "मी येणार."

आणि मी गेले. दुकानात आम्हाला एकसारखी जांभळी साडी नेसावी लागते. तीच नेसून गेले, कारण तिथून थेट कामावर जायचं होतं. कॉलेजच्या सभागृहात निवडक मुलं पुढच्या रांगांत बसवली होती, इस्त्रीचे कपडे घालून. मी आणि आंटी मागून आत शिरलो आणि बसलो. दारावरच्या शिपायाने आम्हाला अडवायला हवं होतं बहुतेक. त्याने फक्त बाजूला सरून वाट दिली.

समितीत तिघं होते. त्यातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मुलांना प्रश्न विचारत होते. ग्रंथालय कसं आहे, शिक्षक वेळेवर येतात का. मुलं पाठ केल्यासारखी उत्तरं देत होती. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"आपण पालक प्रतिनिधी का?"

"नाही सर. मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी."

मुलं हसली. प्राचार्य मॅडम खुर्चीतून थोड्या पुढे सरकल्या.

"अरे वा! सांगा की मग. कसं वाटतं इथे?"

मी उभी राहिले. दुकानात मी रोज अनोळखी बायकांशी दिवसभर बोलते, आवाजाने साथ सोडली नाही.

"सर, या कॉलेजने मला घरी येऊन बोलावलं," मी म्हटलं. "दुसरं कुठलं कॉलेज माझ्या चाळीचे जिने चढलं नसतं. इथले शिक्षक चांगले आहेत. पण फेब्रुवारीत मला सांगितलं की तू जा, कारण तू नापास झालीस तर तुमच्यासमोर कॉलेजची टक्केवारी पडेल. आमच्यातला एक जण सही करून गेलाही. तो माझ्यापेक्षा हुशार आहे. मी गेले नाही. मी कदाचित नापास होईन. झाले तर मला धरूनच टक्केवारी काढा. पण अशी आमच्यासारखी माणसं परत आली, याला तुमच्याकडे मार्क आहेत का, तेवढं मला सांगा."

मुलं माना वळवून माझ्याकडे बघत होती. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रश्न बरोबर आहे," एवढंच म्हणाले. शेजारच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग गृहस्थांनी खेळाच्या सुविधांबद्दल विचारायला सुरुवात केली.

बाहेर आल्यावर आंटी म्हणाल्या, "आता आपल्याला काढनार गं."

"काढू दे. परीक्षेचा फॉर्म भरलाय मी."

कुणी काढलं नाही. एप्रिलमध्ये परीक्षा दिली. आंटी सगळ्या विषयांत पास झाल्या आणि त्यांनी पूर्ण वाडीला जेवण घातलं. मी सगळं सोडवलं, संख्याशास्त्र सोडून. तिथे पुन्हा आपटले. वर्गातले आणखीही काही नापास झाले. कॉलेजला दर्जा मिळाला, पण हवा होता त्याच्या एक पायरी खालचा.

गुणपत्रिका घ्यायला गेले तेव्हा प्राचार्य मॅडम स्टाफरूमच्या दारात भेटल्या आणि ते वाक्य म्हणाल्या. "तुम्ही आमचा निकाल बिघडवलात. आणि समितीसमोर आमची अब्रूही घालवलीत. आता समाधान झालं?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "पास झाल्यावर होईल."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की नापास झाले. त्या गवार मोडत होत्या. मोडता मोडताच म्हणाल्या, "मगे परत कधी आसा परीक्षा?"

"दिवाळीच्या आधी."

"बरां. तवसर जेवान मीच करतंय." आणि त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

नवऱ्याने त्या रात्री मुलीला सांगितलं, आता आईला गणित शिकवायचं तू. ती नववीत गेली होती आणि माझ्यावर ओरडायची संधी तिने एकदाही सोडली नाही. "आई, तू घाई करतेस! आधी वाच ना!" अर्थशास्त्राच्या मॅडमचं कंत्राट वाढलं होतं. त्या रविवारी यायच्या. आंटी आता पदवीधर होत्या, तरी समोर बसून ऐकायच्या, आणि मला येत नसलेलं त्यांना येतं म्हणून मिरवायच्या.

दिवाळीच्या आधी पेपर दिला, आणि नव्या वर्षात मी संख्याशास्त्रात पास झाले. फार वर नाही, काठावरच. पण पलीकडे.

निकाल घेऊन दुकानात गेले. मालकांनी पेढे मागवले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की आमची ही बाई आता बी. ए. झाली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, मग आता इथे का काम करता? मी म्हटलं, कारण मला साड्या आवडतात. तुम्हाला ही हिरवी दाखवू का?

कॉलेजात पदवीचा छोटा कार्यक्रम झाला. सासूबाई नवी नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. प्राचार्य मॅडमनी मला प्रमाणपत्र दिलं, फोटोला हसल्याही. कार्यक्रम संपल्यावर मी क्लार्कना विचारलं, मग आता यंदाच्या निकालात मी पास म्हणून येणार ना?

त्यांनी ओशाळून डोकं खाजवलं. "नाही हो ताई. फेरपरीक्षेवाले मुख्य निकालात धरत नाहीत. एप्रिलच्या निकालात तुम्ही नापास, तेच कायम राहणार."

म्हणजे मी पदवीधर आहे, पण कॉलेजच्या कुठल्याही टक्केवारीत मी पदवीधर नाही. हे ऐकून आधी मला हसू आलं, मग चीड आली. मी तशीच प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सासूबाईही माझ्या मागून आल्या, त्यांना बोलावलं नव्हतं.

"मॅडम, माझ्याबद्दल काही बोलायला नाही आले," मी म्हटलं. "माहीमच्या त्या पोराला परत घ्या. या जूनमध्ये."

"त्याने स्वतःच्या हाताने अर्ज दिलाय," त्या म्हणाल्या.

"सही त्याची आहे. मजकूर तुमचा होता."

त्या बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिल्या. दमलेल्या दिसत होत्या. त्यांनाही वरून कुणीतरी आकडे मागत असणार, हे मला त्या क्षणी कळत होतं, पण मी जागची हलले नाही.

"येऊ दे त्याला," शेवटी त्या म्हणाल्या. "जागा भरपूर आहेत. पण तो येणार आहे का?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मी माहीमला गेले. त्याला मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. तो म्हणाला, "मला परत त्या केबिनमध्ये जायचं नाही, ताई. तुझं झालं ना? बस झालं."

"माझं झालं म्हणून तुझं झालं नाही," मी म्हटलं.

या वेळी तो निघून गेला नाही. त्याने विचारलं, आता तिसऱ्या वर्षाला कुठले विषय असतात, आणि आम्ही त्याच्या दारातल्या कट्ट्यावर बसून बराच वेळ बोललो. फॉर्म भरायला जूनपर्यंत वेळ आहे. तो नाही म्हणाला तरी मी पुन्हा जाणार आहे.